चौदा नंबरची कॅचर

गेल्या वर्षी आमच्या सॉफ्टबॉल क्लबाने एक फलक लावायचं ठरवलं. तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून पुरतं शांत झालेलं नाही.

आमच्याकडे एक ते पंचवीस नंबरांच्या जर्सी आहेत. सिंगापुरात माणसं येतात, कामाचा पास संपला की जातात, आणि त्यांचा नंबर पुढच्याला मिळतो. म्हणजे एकेक नंबर चार-चार, पाच-पाच जणांच्या पाठीवरून फिरलेला असतो. त्या सगळ्यांत तो नंबर सगळ्यात चांगला कोणी मिरवला हे मतदानाने ठरवायचं आणि पंचवीस नावं रंगवून सामानाच्या खोलीत लावायची, अशी कल्पना. मलाही ती आवडली होती, हे कबूल करते.

रविवारी सकाळी सराव झाल्यावर आम्ही चौदा जण मैदानाजवळच्या खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये दोन टेबलं जोडून बसलो. पहिले दहा-बारा नंबर हसतखेळत झाले. फक्त पाच नंबरवर अर्धा तास वाद झाला. एका बाजूला सहा वर्षं नेमाने आलेला माणूस, दुसऱ्या बाजूला फक्त तीन सामने खेळून अंतिम सामन्यातली शेवटची धाव काढणारा एक विद्यार्थी. सहा वर्षंवाला जिंकला. मला वाटलं, चला, माणसांना अक्कल आहे.

मग चौदा नंबर आला.

चौदा नंबर नऊ वर्षं आमच्या कॅचरचा होता. ती इथलीच, सेम्बावांगची, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. जहाजांच्या गोदीत वेल्डिंग तपासायचं काम करायची. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवं बसून पिचरचा प्रत्येक चेंडू अडवणारी. पूर्ण सामना तसंच बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. अखेर तिचे गुडघे गेले आणि तिला थांबावं लागलं. तिच्यामागून ती जर्सी एका तरुण मुलाला मिळाली. उंच, ताकदवान, चेंडू मैदानाबाहेरच्या झाडांपलीकडे मारणारा. एक हंगाम खेळला आणि दुसऱ्या देशात नोकरी लागली म्हणून गेला. त्याच्या फटक्यांचे व्हिडिओ मात्र अजून ग्रुपवर फिरतात.

मतदान झालं. त्याला नऊ, तिला चार.

मी म्हटलं, "हे कसं काय? आत्ता पाच नंबरला तुम्ही वर्षं मोजलीत."

एक नवा मुलगा म्हणाला, "पण कॅचर काय करते? चेंडू तर पिचर टाकतो."

मी पिचर आहे. जळगावला कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळायला लागले. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले तेव्हा मला काम नव्हतं, ओळखी नव्हत्या. या मैदानाच्या कडेला दर रविवारी उभी राहून बघायचे. हीच बाई मास्क डोक्यावर सरकवत माझ्यापाशी आली होती आणि विचारलं होतं, "बघत काय राहिलीस? टाकता येतो का?" पहिल्या महिन्यात माझा एकही चेंडू धड जागेवर जात नव्हता. जमिनीवर आपटून उडणारे, डोक्यावरून जाणारे, सगळे तिने अंगावर घेतले. एका सामन्यात माझा चेंडू तिच्या अंगठ्यावर बसला. तिने चिकटपट्टी गुंडाळली आणि माझ्याकडे चालत आली. मला वाटलं, ओरडणार. ती म्हणाली, "भूक लागलीये का? हे दोन बॅटर बाद कर, मग पराठा खाऊ." मी दोघांना बाद केलं. अंगठा मोडला होता हे मला दोन दिवसांनी कळलं.

हे सगळं मी टेबलावर सांगितलं. सगळ्यांनी आदराने ऐकलं आणि कुणाचंच मत बदललं नाही.

पण खरी आग लागली ती आमच्या कप्तानांमुळे. ते पुण्याचे, क्लबात मी सोडून एवढेच मराठी. पहिल्या दिवसापासून क्लबात आहेत. ती नऊ वर्षं त्यांनी डोळ्यांनी पाहिलीत. तेराच मतं पडली होती, आणि न पडलेलं चौदावं त्यांचं होतं. सगळे नंबर संपल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं.

"दादा, तुम्ही हात का वर केला नाहीत?"

"अगं, मी बैठक चालवत होतो ना."

"पाच नंबरला तर केला होतात."

"तिथे चुरस होती. इथे बहुमत दिसतच होतं. माझ्या एका मताने काय फरक पडला असता?"

"फलकाला नसता पडला. तिला पडला असता."

"तिला कोण सांगणार आहे?" ते म्हणाले. "खेळीमेळीत घे. एवढं काय त्यात."

हे 'एवढं काय त्यात' मला सहन होत नाही. एवढं काही नसेल तर फलक कशाला लावता? एकवीस नंबरला माझं नाव निवडलं होतं. मी सांगितलं, माझं नाव काढा. आणि निघाले. घरी लेकीला सांगितलं तर ती फोनमधून मान वर न करता इथल्या इंग्रजीत म्हणाली, "इट्स जस्ट अ नंबर लाह, आई."

पुढचे पाच दिवस नोव्हेनाच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये नमुने तपासतानाही मी मनातल्या मनात भांडत होते. तिला सांगू नये असं वाटत होतं, आणि तिच्यापासून लपवणं म्हणजे कप्तानांच्या रांगेत जाऊन बसणं, असंही वाटत होतं. शनिवारी आमच्या सेरंगूनहून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडली आणि तिच्या घरी गेले.

तिने दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधले होते. मी सगळं सांगितलं. ती शांतपणे संत्रं सोलत होती.

"तो मुलगा?" ती म्हणाली. "मारायचा तर छान."

"एक हंगाम. फक्त एक."

"हो. पण काय हंगाम होता." मग तिने विचारलं, "आणि तीन नंबर कोणाला?"

मी सांगितलं. तिचा हात थांबला.

"त्याला? आणि आपला पोस्टमन? डावीकडे उभा राहायचा तो? त्याच्या हातून कधी चेंडू सुटलेला आठवतोय तुला?"

आठवत नव्हता. खरं म्हणजे मी त्या पोस्टमनला साफ विसरले होते आणि दुसऱ्यासाठीच हात वर केला होता. तसं सांगितल्यावर तिने मला जे सुनावलं, ते ऐकून घेण्यावाचून इलाज नव्हता. त्यात मी माझं नाव काढायला लावल्याचं कळलं तेव्हा ती आणखी चिडली. "एकवीस मग त्याला देतील, जो कधी वेळेवर येत नाही. मूर्खासारखं करू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती टॅक्सीने मैदानावर आली. नव्या मुलांनी तिला पहिल्यांदाच पाहिलं. हॉकर सेंटरमध्ये तिने कप्तानांना समोर बसवलं आणि तीन नंबर पुन्हा चर्चेला घ्यायला लावला. पोस्टमनचे झेल एकेक करून सांगितले, कुठल्या सामन्यात, कुठल्या कोपऱ्यात. मतदान झालं, पोस्टमन जिंकला.

मी लगेच म्हटलं, "आता चौदा पुन्हा घ्या."

कप्तान माझ्याकडे न बघता म्हणाले, "घेऊ."

त्या दिवशी आमच्यातला एक जण आला नव्हता. या वेळी त्यांनी तिच्यासाठी हात वर केला. नव्यांपैकी दोघांनी केला. मी मोजत होते, सात झाले. तिचं स्वतःचं मत आठवं होणार होतं. मग त्या मुलासाठी कोण, असं विचारलं गेलं. सहा हात वर गेले, आणि सातवा तिचा.

सात-सात. कप्तान म्हणाले, बरोबरी झाली तर आधीचा निकाल कायम.

"तू स्वतःविरुद्ध मत दिलंस?" मी तिला विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मला तो चांगला वाटतो. विचारलं म्हणून सांगितलं."

"आणि तुझी नऊ वर्षं?"

"ती मी खेळले ना," ती म्हणाली आणि कॉफी आणायला उठायला लागली. उठताना तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. कप्तान घाईने उभे राहिले आणि तिची कॉफी त्यांनी आणली.

ती मोठ्या मनाची आहे म्हणून तिने असं केलं, असं नवरा म्हणतो. मला ते पटत नाही. निवाडा तिच्यावर सोपवायचाच नव्हता. तो आमचा होता, ज्यांचे चेंडू तिने अडवले त्यांचा, आणि आम्ही तो पहिल्याच दिवशी नीट करायला हवा होता. फलक आता लागला आहे. एकवीसला माझं नाव आहे, तीनला पोस्टमनचं. चौदाला त्या मुलाचं आहे. परवा कप्तान म्हणाले, पुढच्या वर्षी रंग उडाला की पुन्हा मतदान घेऊ. मी त्यांना म्हटलं, रंग उडायची वाट कशाला बघायची, तारीख सांगा.