राखेने भरलेली खाच

बाकिस काकांकडे चाकू मागायला गेलं की ते चाकू दाखवत नाहीत. "हात बघू," म्हणतात. मग तुमचा हात उलटसुलट करून बघतात, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबतात. मिमिया काकू होत्या तोवर त्यानंतर आतल्या दाराकडे हाक जायची, "मिमिया, कणीक आण."

मिमिया काकू म्हणजे त्यांची बायको. पावासाठी भिजवलेल्या कणकेतला लिंबाहून मोठा गोळा आणून त्या तुमच्या तळव्यावर ठेवायच्या. "आवळ मूठ. एडका धरलायस समज, दुसऱ्या हातात चाकू आहे." मूठ उघडली की कणकेवर बोटांचे खळगे उमटलेले असायचे. कोण कुठे जोर लावतो, कुणाचं कोणतं बोट आखूड आहे, कोण चाकूला घाबरतो, सगळं त्यात काकांना दिसायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत गोळा खिडकीत राही, मग कोंबड्यांना. काकांच्या कोंबड्यांनी गावातल्या सगळ्या मेंढपाळांचे हात चाखलेत, असं लोक म्हणायचे.

आमच्याकडच्या घडीच्या चाकूला ना स्प्रिंग असते, ना खटका. मर्टलच्या झुडपाच्या पानासारखं निमुळतं पातं, मेंढ्याच्या शिंगाची मूठ, गळ्याशी पितळी कडं आणि एक खिळा. पातं उघडं राहतं ते शिंगाच्या दोन फाकांनी त्याला घट्ट धरून ठेवलेलं असतं म्हणून, बाकी कशामुळेही नाही. सासारीला कॉलेजात असताना मी शहरी मुलांना हे सांगितलं तर ती हसली होती. म्हणाली, मग तो बोटावर मिटत नाही का. मी म्हटलं, बाकिस काकांचा नाही मिटत.

त्याचं कारण माळ्यावर होतं. एडका मेला की त्याची शिंगं काकांकडे यायची आणि माळ्यावर दोरीने टांगली जायची. ताजं शिंग वरून दगडासारखं दिसलं तरी आत ओल धरून असतं. काका म्हणत, पहिली तीन वर्षं ते नुसतं झोपतं, खरं आक्रसतं चौथ्या वर्षाच्या उन्हाळ्यात. म्हणून पाचवं वर्ष लागल्याशिवाय शिंगाला करवत लावायची नाही. ही वर्षं मोजायचं काम मिमिया काकूंचं. जानेवारीत संत आंतोनीची शेकोटी होते, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कानस घेऊन माळ्यावर चढत आणि प्रत्येक शिंगाच्या बुडाशी एक खाच पाडत. कीड लागू नये म्हणून खाचेत शेकोटीची राख तेलात कालवून भरत. त्यामुळे नवी खाच आणि जुनी खाच सारखीच काळी दिसे. काका दिवा न लावता माळ्यावर जायचे, अंगठ्याने खाचा मोजायचे आणि पाच असतील ते शिंग खाली आणायचे.

माझी मुलगी बोनारिया सासारीला गुरांची डॉक्टर व्हायला शिकते. तिसऱ्या वर्षाला गेली तेव्हा, नोव्हेंबरात, तिने काकांकडे चाकू मागितला. मला नको होतं. ती लहान असताना मी सफरचंदही तिला कापून द्यायचे. पण हात तिने पुढे केलाच, आणि काकूंनी कणीक ठेवली.

गोळा बघून काका नाराज झाले. "ही चाकू धरते की लेखणी? दोन बोटांच्या चिमटीत, पार पुढे, कड्यावर. बाकीची बोटं बाजूला, पाहुण्यांसारखी. पोरी, अख्खी मूठ आवळ."

"मला असंच जमतं, आजोबा."

"चुकीचं जमतं."

मिमिया काकू एप्रनला हात पुसत म्हणाल्या, "तिला चाकू हवाय. नवा हात मागितलाय का तिने? आहे त्या हाताचा करा."

तो त्यांचा शेवटचा गोळा. डिसेंबरात त्या गेल्या. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी गेल्या.

जानेवारीत शेकोटी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका कबरस्तानात गेलेले पाहिले आणि माझ्या मनात आलं की आता परत येऊन हा माणूस एकटा त्या माळ्यावर चढणार, काकूंच्या हातची कानस घेऊन. त्यांच्या स्वयंपाकघराची किल्ली माझ्याकडे असायची. मी गेले, एकसष्ट शिंगांना एकेक खाच पाडली, काकूंना करताना पाहिलं होतं तशीच राख भरली, कानस जागेवर ठेवली आणि घरी आले. काकांना सांगितलं नाही. काकूंचं नाव काढायला नको, असं वाटलं.

एप्रिलमध्ये बोनारियाचा चाकू तयार झाला. मला चाकूतलं फार कळत नाही, पण तो हातात घेतल्यावर खाली ठेवावासा वाटेना. मूठ पुढे कड्याशी जरा चपटी, चिमटीत बसावी अशी. मागे गोल, तळव्यात टेकावी अशी. शिंग मधासारखं, कडेला धुरकट रेघ. पातं उघडताना अगदी शेवटी एकच आवाज यायचा, सुकी फांदी मोडल्यासारखा. मी धरला तर माझ्या हातात तो अवघडला. बोनारियाच्या हातात गेला आणि दिसेनासाच झाला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लोकर कातरणीसाठी ती डोंगरावर तिच्या चुलत काकाच्या मेंढवाड्यावर गेली. तिथे फोन लागत नाही. मी तिला लोकरीचे मोजे दिले होते, त्यावरून ती जाताना म्हणाली, "आई, जून आहे. मोजे मेंढ्यांना देऊ का?"

ती गेल्याच्या चौथ्या दिवशी मी काकांच्या दुकानात बटाटे द्यायला गेले होते. तेवढ्यात बोबोरे आला. हा पन्नाशीचा मेंढपाळ, गावातला सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस. त्या दिवशी आवाज खाली होता. उजव्या हाताच्या तर्जनीला जाडजूड पट्टी. त्याने चाकू ऐरणीवर ठेवला.

"काका, तुमच्या या कुत्र्याने चावा घेतला. ओझिएरीच्या दवाखान्यात चार टाके घालून आलो."

काकांनी चाकू उचलला, उघडला. आवाजच आला नाही. पातं लुळं होऊन लोंबलं. मुठीच्या दोन फाकांमध्ये नख जाईल एवढी फट होती.

"हा मी केलेला नाही," काका म्हणाले.

"मेमध्ये तुमच्याच हातून घेतलाय. खुणेचा ठसा बघा."

काकांनी ठसा पाहिला. मग खिळा ठोकून काढला, शिंगाची फाक खिडकीशी धरली, नाकाशी नेली. "हे शिंग कुठल्या एडक्याचं, सांगू? तुझ्याच. तो लंगडा, दरीत पडला होता तो."

"म्हणजे माझ्याच एडक्याने मला चावलं. जिवंत असतानाही मेला असाच होता."

"दरीत कधी पडला?"

"धाकटीचं लग्न झालं त्या सप्टेंबरात. येत्या सप्टेंबरात चार होतील."

काका माळ्यावर गेले. बराच वेळ वर पावलं वाजत होती. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात त्याच एडक्याच्या शिंगाचं उरलेलं बूड होतं. "पाच खाचा आहेत. चार वर्षं झाली नाहीत आणि पाच खाचा. शेकोटीनंतर तिसऱ्या दिवशी मी एक पाडली. एकच पाडली. म्हातारा झालोय, पण एवढा नाही."

माझ्या हातातली बटाट्यांची पिशवी मी खाली ठेवली. "काका, दुसऱ्या दिवशी मी पाडली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "राख कुणी भरली?"

"मीच."

"छान भरलीस. म्हणून तर कळलं नाही."

बोबोरेने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मी विचारलं, "अशा कच्च्या शिंगांचे किती चाकू झाले?"

"तीन. एक हा. एक भिंतीवर आहे." त्यांनी तिसऱ्याचं नाव घेतलं नाही. अंगावरचा चामडी एप्रन सोडायला लागले, आणि मला कळलं.

मला आठवतं त्याप्रमाणे गाडी मीच चालवली. कच्च्या रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात माझ्या डोळ्यांसमोर तिची बोटं येत होती. जन्मली तेव्हा मी आधी तीच मोजली होती. गुरांच्या डॉक्टरला बोट नसेल तर चालतं का, असा एक वेडा विचार मनात फिरत राहिला. काका शेजारी बसून गुडघा चोळत होते.

"खूर कापत असेल ती," मी म्हटलं.

"असेल."

"खुरात पातं अडकतं."

"अडकतं. मग मागून जोर येतो, तेव्हाच मिटतं." जरा थांबून म्हणाले, "आधी आवाज जातो. मी तिला सांगितलं होतं, रोज सकाळी आवाज ऐकायचा."

"ती माझंसुद्धा ऐकत नाही."

"तुझं कोण ऐकणार. जूनमध्ये मोजे देतेस."

एरवी मी हसले असते.

गाडी जिथवर जाते तिथून मेंढवाडा पाऊण तास चालत. काकांचा गुडघा धड नाही, तरी ते पुढे होते. बाटल्यांच्या बुचांसाठी ओकच्या झाडांची साल नुकतीच उतरवलेली होती, लाल उघडी खोडं दोन्ही बाजूंना. मला ती बघवेनात. वर पोहोचलो तेव्हा कातरणीची यंत्रं घुमत होती, कुत्री भुंकत धावून आली. एका माणसाने न विचारताच हात केला, "बोनारिया तिकडे, कुंपणापाशी. मोठा एडका धरलाय."

वीस पावलांवर ती होती. पाठ अर्धी आमच्याकडे. एडका ढुंगणावर बसवलेला, दोन गुडघ्यांत आवळलेला, त्याचा पुढचा पाय तिच्या डाव्या हातात. उजव्या हातात चाकू. मी तोंड उघडलं आणि काकांनी माझं मनगट धरलं.

"हाक मारू नकोस. ती दचकेल, एडका उसळेल."

"मग काय करू?"

"उभी राहा."

आम्ही उभे राहिलो. तिने एक खूर संपवला, दुसरा घेतला. खुराची पांढरी साल वळत खाली पडत होती. पातं डुलत होतं, मला इथून दिसत होतं, मग तिला कसं दिसत नव्हतं? मी मनात बोटं मोजायला लागले. पाचापर्यंत गेले की पुन्हा एकापासून.

तिसऱ्या खुरात पातं अडकलं. तिने ते ओढलं, सुटेना. मग तिने तळव्याने मागून दाबलं. एडक्याने पाय झटकला, आणि चाकू तिच्या हातात मिटला. आवाज एवढासा आला, डबीचं झाकण लागावं तसा.

एडका उठून पळाला, चाकू गवतात पडला. बोनारिया गुडघ्यांवर तशीच बसून आपल्या हाताकडे बघत होती. मी तिच्यापर्यंत कशी पोहोचले मला माहीत नाही. तिचा हात माझ्या हातात घेतला. एक, दोन, तीन, चार, पाच. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला मांजर ओरबाडतं तसा ओरखडा, त्यावर रक्ताचे तीन ठिपके.

"आई? तू इथे काय करतेस?"

मागून काका लंगडत आले. त्यांनी गवतातून चाकू उचलला आणि तिला म्हणाले, "कसा धरला होतास? दाखव. होता तसा."

तिने दाखवलं. दोन बोटांच्या चिमटीत, पुढे कड्यावर. बाकीची तीन बोटं बाजूला. जिथे पातं मिटून बसतं, त्या फटीसमोर एकही बोट नव्हतं.

काका खाली गवतात बसले. "अख्खी मूठ आवळ म्हणत होतो मी," ते म्हणाले. "मिमियाने ऐकलं नाही." मग बराच वेळ ते तिचा हात धरून बसून राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी दगडावर चाकू ठेवला, दुसऱ्या दगडाने खिळा ठेचला आणि मूठ फोडली. बोनारिया रडकुंडीला आली. "आजोबा, माझा होता तो."

"पातं तुझंच आहे. शिंग कच्चं होतं. मोजताना मी चुकलो."

"ते नाही चुकले," मी म्हटलं. "मी माळ्यावर गेले होते, त्यांना न सांगता."

"कशाला?"

"मदत करायला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता मोज्यांचं काहीतरी बोलेल. पण तिने ओरखड्यावरचं रक्त चोखलं आणि म्हणाली, "तुला कापरं भरलंय, आई. बस."

परत आल्यावर काकांनी भिंतीवरचा चाकूही उतरवून फोडला. सप्टेंबरात बोनारियाच्या पात्याला नवी मूठ बसली, आठ खाचांच्या शिंगाची. कणकेचा गोळा तर कोंबड्यांनी केव्हाच खाल्ला होता. फोडलेल्या मुठीचे तुकडे जोडून काकांनी तोच आकार पुन्हा घासला, तीन वेळा बोनारियाला सासारीहून बोलावून. बोबोरेचा चाकूही नवी मूठ बसून परत गेला. त्याने तो घेतला, पण पहिले दोन आठवडे उघडताना तोंड फिरवायचा.

यंदाच्या जानेवारीत शेकोटी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दाराशी आले. कानस त्यांच्या कोटाच्या खिशात होती.

"चल वर," म्हणाले. "दोघं मिळून."

आम्ही माळ्यावर चढलो. अंधार होता, शिंगांचा आणि धुराचा वास. त्यांनी कानस बाहेर काढलीच नाही. "गेल्या वर्षी दोन पडल्यात," ते म्हणाले. "यंदा एकही नाही. म्हणजे हिशेब बरोबर."

"पण गेल्या शेकोटीनंतर आलेली तीन शिंगं आहेत. त्यांना गेल्या वर्षीच्या दोन नाहीत."

ते थबकले. अंगठा दोरीवर तसाच.

"बघ," ते हळूच म्हणाले, "पुन्हा चुकलो असतो."

ती तीन शिंगं आम्ही शोधून काढली आणि त्यांना एकेक खाच पाडली. राख त्यांनी भरली. मग मी दिवा आणला, आणि उरलेली सगळी एकेक करून मोठ्याने मोजली. खाली उतरल्यावर काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले आणि मला म्हणाले, "आणखी एकदा मोजतेस?"

मी दिवा घेऊन परत वर गेले.