मागं आवाज येतोय का?

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. रस्त्यात उतारा दिसला की लोक वाट बदलतात. मी त्यातला नारळ चांगला आहे का ते बघते. या सदरातले अनुभव आजवर मी जेवताना करमणूक म्हणून वाचले. आता स्वतः लिहायला बसलेय, ते घाबरून नाही... चिडून. का चिडलेय ते पुढे कळेलच.

माझे वडील, अण्णा, अहमदपूरला मराठीचे शिक्षक होते. रिटायर झाल्यावर तिथल्या सार्वजनिक वाचनालयात दर रविवारी दुपारी ते पुस्तक वाचून दाखवायचे. खालच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची पोरं माना खाली घालून बसलेली, आणि वरच्या हॉलमध्ये सतरंजीवर अण्णांची गर्दी. मोतीबिंदू झालेले म्हातारे, कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका, जेवण करून डुलक्या काढायला आलेले दोनचार दुकानदार.

अण्णांची एक रीत होती. खुर्चीत बसायचं, माईकवर नखानं टकटक करायचं आणि विचारायचं, "मागं आवाज येतोय का?" सगळा हॉल ओरडायचा, "येतोय, सर!" नुसत्या पुढच्यांनी ओ दिली तर चालायचं नाही. मग चष्म्यावरून शेवटच्या रांगेकडे बघून पुन्हा तेच विचारायचे. मागून उत्तर आल्याशिवाय पुस्तक उघडायचंच नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना लकवा मारला. जीव वाचला, हातपायही हळूहळू हलायला लागले, पण वाचा गेली. ओठ हलतात, आवाज नाही. डॉक्टर "बघू या" म्हणाले, पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

आणि एके दिवशी भाजी चिरता चिरता माझ्या लक्षात आलं, की अण्णांचा आवाज मला आठवत नाहीये. ते काय काय बोलायचे ते सगळं आठवतंय, आवाज मात्र नाही. मी फोन पालथा घातला. फोटो ढीगभर, पण व्हॉइस नोट एकही नाही, कारण अण्णांना टाईप करायची हौस, तीही शुद्धलेखनासकट. लग्नाच्या व्हिडिओत ते बोलताना दिसतात, पण वर बँड वाजतोय. माझ्या स्वतःच्या लेक्चर्सची रेकॉर्डिंग्ज कुणी ऐकणार नाही इतकी पडून आहेत, आणि बापाचा एक शब्द नाही... मी वेड्यासारखी सगळ्या नातेवाइकांना फोन करत सुटले.

शेवटी एका रविवारी एसटीनं अहमदपूर गाठलं आणि घरी जायच्या आधी वाचनालयात गेले. मठपतीकाका तिथले कार्यवाह. ते म्हणाले, "रेकॉर्डिंग कधी केलंच न्हाई ताई. सर समोर बसलेले असताना कशाला भरून ठेवायचं? पण वर या. लोक अजून येऊन बसतात. कुणाच्या मोबाईलमधी असंल तर विचारू."

वर हॉल भरलेला होता. लाईट गेलेली, पंखे बंद. टेबलापाशी अण्णांची रिकामी खुर्ची आणि बंद पडलेला माईक. त्यांचं वाचन एका जुन्या विनोदी कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणापाशी अडकलं होतं. एका घरची म्हैस हरवते आणि गाव पालथं घालतात, अशी गोष्ट. ते पुस्तक घरी अण्णांच्या उशाशीच होतं.

मी खुर्चीशेजारी उभी राहिले. "नमस्कार, मी सरांची मुलगी. एक विनंती करायला..."

सगळा हॉल एकसुरात म्हणाला, "येतोय, सर!"

मला वाटलं, आठवण म्हणून करतायत. पण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे खुर्चीकडे बघत होते. मग शांत झाले. मग थोड्या वेळानं एकदम हसले, अगदी खदखदून. मी माईककडे पाहिलं, त्याचा दिवा बंद होता. मठपतीकाका जिन्यापाशी मोबाईल उंच धरून उभे होते. मी विचारलं, "काका, काय चाललंय?" त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी, गोदाक्का म्हणतात तिला, माझ्यावर वैतागली. "गप ऱ्हा की गं माय, सर वाचायलेत नं!"

मला झरोक्यातली कबुतरं ऐकू येत होती. खाली कुणीतरी खुर्ची ओढली, तेही ऐकू आलं. बाहेरची जाहिरातीची रिक्षा आली. फक्त तेवढं एक येत नव्हतं. मी कान टवकारून, श्वास रोखून उभी राहिले. रडायला कधी लागले ते कळलंच नाही.

तेवढ्यात गोदाक्का उठली, कोपऱ्यातल्या माठातून पाणी घेतलं आणि ग्लास माझ्यापुढं धरला. "घे. सर म्हणले, सुमीला पाणी द्या."

त्या गावात मी सुमित्राताई. सुमी मला फक्त अण्णा म्हणायचे. गोदाक्काला तर मी त्या दिवशी पहिल्यांदा भेटले.

नंतर सगळे खुर्चीला हात जोडून उठले. जिन्यात गोदाक्का कुणाला तरी सांगत होती, "जावयाच्याच गोठ्यात निघाली बग म्हैस!" घरी जाऊन मी पुस्तक उघडलं. जावयाच्याच गोठ्यात निघते.

याचीही कारणं मी लावली. लोकांना सवय होती, त्यांचं सरांवर प्रेम होतं, मनाचे खेळ असतात. पुस्तक आधी कुणीतरी वाचलेलं असेल. सुमी हे नाव अण्णांनीच कधी बोलता बोलता घेतलं असेल. मी हे सगळं मान्य करून झोपायलाही तयार होते.

पण मठपतीकाकांनी रेकॉर्डिंग पाठवलं. खाली लिहिलं होतं, "लाईट नसूनही किती स्वच्छ आवाज आलाय बघा." मी इयरफोन घातले. कबुतरं आहेत, हसणं आहे, माझे हुंदके आहेत, गोदाक्काही आहे. मधे काही नाही. नवऱ्याला ऐकवलं, तर तो म्हणाला, "अण्णा काय वाचायचे गं!" मी लॅपटॉपवर त्याचा ग्राफ काढून दाखवला. जिथे तो मान डोलावत होता तिथे सपाट रेघ. तो म्हणाला, "असेल. पण येतोय ना आवाज." त्या दिवशी मी त्याच्याशी इतकी भांडले, की शेजारच्या वहिनी बघायला आल्या.

कुणाला याचं काही उत्तर माहीत असेल तर सांगा. सगळ्यांना येतोय आणि मलाच का नाही, एवढंच मला विचारायचंय.

गेल्या शनिवारी घरी गेले तेव्हा ते रेकॉर्डिंग अण्णांच्या उशाशी लावलं. आईनं पदर डोळ्यांना लावला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, मधेच गालात हसले. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. ते वाक्य मला ओठांवरून ओळखता येतं.

मी म्हणाले, "येतोय, अण्णा. स्वच्छ येतोय."

अण्णा थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं.