मारोतभाऊंची खिडकी

"बाई, आज काय दाबलं तुमी?"

मारोतभाऊ माझ्या मागे उभे होते. पडद्यावर एकच इंग्रजी ओळ होती. आऊट ऑफ मेमरी. मी चौथीपर्यंत शिकले आहे, इंग्रजी मला येत नाही. पण व्हिजिटिंग कार्डं जुळवून अक्षरं ओळखीची झाली होती, आणि ही ओळ तर त्या आठवड्यात पाठच झाली होती.

"रोज दाबतो तेच दाबलं," मी म्हटलं.

"मंग पाठ कुठी गेला?"

"गेला."

मागच्या वेळी फ्लॉपीवर ठेवल्यानंतर टाईप केलेला धड्याचा सगळा भाग गेला होता. मशीन पुढेही जाऊ देत नव्हतं आणि लिहिलेलं फ्लॉपीवर ठेवूही देत नव्हतं. बंद करून परत चालू करणे एवढाच उपाय होता. तो केला की मशीन ठीक चालायचं, पण मजकूर हातचा जायचा.

मारोतभाऊ छापखान्याचे मालक. चंद्रपुरात पठाणपुऱ्याच्या आत त्यांचा छापखाना होता. मी तिथे कंपोझिटर होते. म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारी. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, लाकूड लिलावाच्या जाहिराती, सगळं माझ्या हातून गेलं आहे. खिळे लाकडी केसमध्ये असतात. केस म्हणजे बिनझाकणाचा मोठा पसरट खण, त्यात अक्षरागणिक खाना. कोणतं अक्षर कुठे आहे ते हाताला माहीत असतं. डोळे कागदावर ठेवायचे.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मारोतभाऊंनी नागपुरात कॉम्प्युटर पाहिला आणि एक घेऊन आले. सोबत प्रकाश नावाचा प्रोग्रॅमर आला. त्याने मराठीसाठी स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला होता. त्या मशीनला मराठी माहीत नव्हती. म्हणून त्याने प्रत्येक अक्षराला एक नंबर दिला. एक बटण दाबून धरायचं आणि नंबर मारायचा. पडद्यावर मराठी दिसायची नाही, चौकोन, रेघा आणि कुठल्या कुठल्या परदेशी अक्षरांची जत्रा दिसायची. प्रिंटरमधून मात्र कागदावर मराठी यायची. तो कागद ऑफसेटवाल्याकडे दिला की त्याची छपाईची प्लेट व्हायची.

मारोतभाऊंना वाटलं मी घाबरेन. मी घाबरले नाही. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आणि मी जन्मभर उलटंच वाचत आले होते. हे त्याहून फार वेगळं नव्हतं.

नंबर लक्षात राहावेत म्हणून प्रकाशने मशीनमध्ये आणखी एक प्रोग्रॅम टाकून दिला. तो खरं तर त्यानेच प्रोग्रॅमर लोकांसाठी बनवलेला होता. त्यात कॅल्क्युलेटर होता, अक्षरांच्या नंबरांचा तक्ता होता आणि टिपण करायला पान होतं. त्या पानावर प्रकाशने माझे सगळे नंबर लिहून ठेवले. गंमत अशी की हा प्रोग्रॅम एकदा सुरू केला की दिसायचा नाही, पण मशीनमध्ये बसून राहायचा. तुम्ही तुमचं काम करत राहा. दोन बटणं एकत्र दाबली की चालू कामावर एक खिडकी उघडायची. नंबर बघा, बटण दाबा, खिडकी गायब. खाली तुमचं काम जसंच्या तसं.

"हा मेमरीत राहते," प्रकाश म्हणाला. "मॅटर उभं ठेवता नं तुमी, तसं."

मला लगेच समजलं. काही मजकूर पुन्हा पुन्हा छापायचा असतो, दुकानाची पावती, शाळेचा दाखला. तो सोडवून खिळे परत खान्यांत टाकत नाहीत. दोरीने बांधून बाजूला ठेवतात. त्याला मॅटर उभं ठेवणे म्हणतात. सोयीचं असतं, पण तेवढे खिळे अडकून पडतात.

त्याच वेळी अहेरीहून कुसराम सर आले. प्रौढांच्या वर्गांवर देखरेख करायचे. गोंडी मुलखातल्या बायामाणसांसाठी त्यांनी वाचनाचं पुस्तक लिहिलं होतं. अर्धं गोंडीत, अर्धं मराठीत, गोंडीही आपल्याच अक्षरांत. धान कापून झालं की वर्ग सुरू होणार होते. त्याआधी पुस्तक हवं होतं.

"उशीर झाला तर वर्ग रिकामे बसतीन," ते म्हणाले. "अन् एकदा उठलेली माणसं परत नाई येत, बाई."

मारोतभाऊंनी हो म्हटलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, हे काम मशीनवर तुमच्या हातानं झालं तर खुर्ची तुमची. नाई झालं तर नागपूरची शिकलेली पोरगी येणार आहे. बोलणं झालं माह्यं. खिळे तर मी मोडीतच देऊन राह्यलो."

मोडवाला एक खेप नेऊनही गेला होता. दोन केस रिकाम्या पडल्या होत्या. खिळे गेले की कंपोझिटरला काम नाही. घरात माझ्याशिवाय कमावणारं कोणी नव्हतं. त्यावर रडत बसायला वेळही नव्हता. मी खुर्चीवर बसले.

पहिले धडे नीट झाले. मग अडायला लागलं. सकाळी मशीन चांगलं चालायचं. दुपार झाली की आऊट ऑफ मेमरी.

मारोतभाऊ म्हणाले, "गरम होते मशीन." पंखा लावला. तरी अडलं. मग म्हणाले, लाईट कमीजास्त होते. वायरमन आला, चहा पिऊन गेला. तरी अडलं. मग म्हणाले, "तुमची बोटं जड आहेत बाई. खिळे उचलून उचलून तशी झाली. हे नाजूक काम आहे."

"बोटं जड असती तर सकाळी पण जडच राह्यली असती," मी म्हटलं. "सकाळी कशी हलकी होते?"

दुसऱ्या दिवशी मारोतभाऊ कुरखेड्याला लग्नाला गेले. जाताना कुलपाची किल्ली माझ्याकडे देऊन बजावलं, मशीन सारखं बंद-चालू करू नका, खराब होईल.

त्या दिवशी मशीन दिवसभर चाललं. ऊन तेवढंच होतं. लाईट तीच होती. माझी बोटं तीच होती. संध्याकाळपर्यंत दोन धडे झाले. नव्हते ते फक्त मारोतभाऊ.

ते परत आले आणि दुपारी मशीन पुन्हा अडलं. आता मी धड्यापेक्षा मारोतभाऊंकडे जास्त लक्ष ठेवलं.

त्यांना मशीन दाखवायची फार हौस होती. गिऱ्हाईक पत्रिकेचा नमुना बघायला आलं की आधी त्याला मशीनपाशी आणायचे. मला म्हणायचे, "बाई, जरा सरका." मी काम फ्लॉपीवर ठेवून प्रोग्रॅममधून बाहेर पडायची आणि उठायची. मग मारोतभाऊ बसायचे, एका बोटाने त्या प्रोग्रॅमचं नाव टाईप करायचे, एंटर मारायचे, मग दोन बटणं दाबायचे. खिडकी उघडली की गिऱ्हाईक मागे सरकायचं.

"कुठून आली हे?"

"आतमंधी बसून राह्यते. बलावलं का येते."

प्रकाशने त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आधी नाव टाका, मग दोन बटणं दाबा. ते त्यांनी मंत्रासारखं पकडलं होतं. प्रोग्रॅम सकाळीच आत बसलेला असायचा. मी तर नाव परत टाकतच नव्हते, फक्त बटणं दाबायची. मारोतभाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्यापासून पूर्ण विधी करून दाखवत. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकं जास्त, आणि बाजाराच्याच दिवशी मशीन लवकर अडायचं.

मी मारोतभाऊंना सांगितलं, नागपूरला प्रकाशला फोन लावा. मारोतभाऊ म्हणाले, कशाला, तो येईल तेव्हा बघू. मी म्हटलं, तोवर कुसराम सर येतील. मग लावला.

"प्रकाशभाऊ," मी विचारलं, "खिडकीचं नाव दोनदा टाकलं तर काय होते?"

"दुसऱ्यांदा परत एक येऊन बसते," तो म्हणाला. "पहिली जात नाही. काऊन? कोण टाकून राह्यलं?"

"बसली ते बसलीच?"

"मशीन बंद करेपर्यंत. वरची तेवढी तुम्हाला दिसते. खाली दबलेल्या पण जागा अडवून राहतात." मग त्याने एक आज्ञा अक्षर अक्षर सांगितली. ती मारली की शेवटच्या ओळीत किती मेमरी मोकळी आहे तो आकडा यायचा. "करून बघा. आकडा उतरला तर तेच आहे. अन् बाई, चूक माही आहे. आत आहे का हे प्रोग्रॅमनं आधी तपासलं पाहिजे होतं. तसा दुसरा आणतो."

"कवा आणता?"

"पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात धान कापून झालेलं असणार होतं.

मी मारोतभाऊंना बोलावलं. "भाऊ, खिडकी दाखवा न."

"तुमाले काय दाखवू? तुमी तर रोज पाह्यता."

"मले गिऱ्हाईक समजा."

ते बसले. नाव टाकलं, बटणं दाबली, खिडकी आली. मी ती मिटवून प्रकाशची आज्ञा मारली आणि आकडा त्यांनाच वाचायला लावला. मग म्हटलं, परत दाखवा. त्यांनी परत दाखवलं. आकडा उतरला होता. परत दाखवा म्हटलं. आता ते हळू टाईप करायला लागले. आकडा अजून उतरला.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी जेवढ्या खेपा दाखवतो तेवढं..."

"तेवढं मॅटर उभं. सारे खिळे तुमी बांधून ठेवले अन् मले म्हणता, जुळवा."

"मंग प्रकाशनं काऊन नाई सांगितलं मले?"

"त्याले काय मालूम तुमी इथी सर्कस लावान म्हणून."

छपाईच्या मशीनला शाई लावणारा आमचा मशीनमन हसला. मारोतभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, तो कामाला लागला. मारोतभाऊ उठून गल्ल्यावर जाऊन बसले. दुपारी एक गिऱ्हाईक आलं आणि त्याने स्वतःहून विचारलं, ते मशीन दाखवता का. मारोतभाऊ म्हणाले, आज काम सुरू आहे. आवाज पडलेला होता, पण म्हणाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. शेवटचा भाग मोठा होता, गोष्टी आणि गाणी मिळून एकच लांब मजकूर. एकच खिडकी आत असतानाही तो मावेना. प्रकाशला परत फोन केला. तो म्हणाला, खिडकी अजिबात टाकूच नका, जागा होईल.

"अन् नंबर?"

"ते तिच्यातच आहेत," तो म्हणाला. म्हणजे प्रश्न त्यालाही कळला होता.

नेहमीची अक्षरं तोवर बोटांत बसली होती. पण जोडाक्षरांचे नंबर मला दर ओळीला बघावे लागत. मारोतभाऊ म्हणाले, कागदावर उतरवून भिंतीला लावा. लावून पाहिलं. मला तो कागद जमेना. प्रत्येक वेळी मान वर करायची, यादीत वरून खाली शोधायचं, तोवर मूळ मजकुरातली ओळ सुटायची. मी यादी वाचणारी बाई नव्हते. मला खाना लागत होता.

मोडवाल्याने रिकामी केलेली एक केस मी उचलून आणली. फडक्याने पुसली. खिडकीतून सगळे नंबर चिठ्ठ्यांवर उतरवून घेतले आणि ज्या खान्यात जो खिळा असायचा त्या खान्यात त्याच्या नंबराची चिठ्ठी खळीने चिकटवली. केस मशीनच्या डाव्या बाजूला तिरपी उभी केली. मग मशीन बंद केलं, परत चालू केलं आणि खिडकी न टाकता बसले.

डावा हात त्या अक्षराच्या खान्याकडे आपोआप जायचा. जिथे हात थांबला तिथला नंबर डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचा. उजवा हात तो मारायचा. पहिल्या पानाला वेळ लागला. नंतर मशीनपेक्षा मीच पुढे असायचे, ते मागून अक्षरं टाकत यायचं. आऊट ऑफ मेमरी आलं नाही.

कुसराम सर ठरल्या दिवशी आले. प्रिंटरचे कागद घेऊन ते उभ्यानेच वाचायला लागले. मोठ्याने वाचत होते, गोंडी मला कळत नव्हती. "येर" म्हणजे पाणी एवढं मात्र टाईप करता करता समजलं होतं. ते मध्येच थांबले.

"चुकलं का काई?" मी विचारलं.

"नाई. मी लिहिलेलं मीच पहिल्यांदा छापलेलं पाह्यतो," ते म्हणाले आणि पुढे वाचू लागले. एका पानावर दोन ओळी उलटसुलट झाल्या होत्या, त्या त्यांनी दाखवल्या. मी तिथेच दुरुस्त केल्या. कागद ऑफसेटवाल्याकडे गेले. पुस्तकाचे गठ्ठे अहेरीच्या बसच्या टपावर चढले तेव्हा धान अजून उभं होतं.

नागपूरची पोरगी आली नाही. खुर्ची माझ्याकडे राहिली. खिळे मात्र मारोतभाऊंनी सगळे मोडीत दिले, मी नको म्हटलं असतं तरी दिले असते. केस तेवढी मी जाऊ दिली नाही. पुढे प्रकाशने सुधारलेला प्रोग्रॅम आणला. आधीच आत बसलेला असेल तर तो दुसऱ्यांदा बसत नव्हता. तरी मी केसच वापरत राहिले. नवीन मशीन आलं आणि पडद्यावर खरी मराठी दिसायला लागली तेव्हा ती बाजूला ठेवली.

एवढ्यावरून मी एकच शिकले. सोयीची वस्तू दिसत नाही म्हणून जागा घेत नाही असं नाही. ती आत घ्यायच्या आधी बाहेर कशी जाते ते विचारून घ्यावं.

मारोतभाऊंनी थोडे दिवस कोणाला मशीन दाखवलं नाही. मग एकदा कोणी वकील पत्रिका छापायला आले. मारोतभाऊ त्यांना मशीनपाशी घेऊन आले. माझा हात थांबला. पण ते कीबोर्डकडे वळले नाहीत. केसकडे बोट दाखवून म्हणाले, "हे पाहा. आमच्या छापखान्याची युक्ती. एकेका खान्यात नंबर."

मी त्यांना दाखवू दिली. त्यात मेमरी जात नव्हती.