कायसा मॅडम गप्प बसायच्या तेव्हा

कायसा मॅडम 'हो' म्हणताना श्वास आत ओढायच्या. मिरची लागली की आपण 'स्स' करतो ना, अगदी तसं. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले त्या दिवशी सुरमईचं कालवण वाढलं आणि दाराआडूनच विचारलं, "मॅडम, अच्छा है?" त्यांनी 'स्स' केलं. मला वाटलं, झणझणीत झालं. दुसऱ्या दिवशी मिरच्या निम्म्या घातल्या. तरी 'स्स'. आठवडाभरात कालवण इतकं फिकं झालं की माझ्याच घशाखाली उतरेना. शेवटी त्यांच्या ऑफिसातले देसाईसाहेब जेवायला आले, त्यांनी एक घास खाल्ला आणि आत येऊन म्हणाले, "जुबेदाताई, घरात कुणी आजारी आहे का?" मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. ते हसून हसून ओट्याला टेकले. म्हणाले, "अहो, फिनलंडची माणसं हो म्हणताना श्वास आत घेतात. त्यांना रोज आवडत होतं!"

मॅडम आधी त्यांच्या देशाच्या वकिलातीत होत्या. पंचवीसेक वर्षं या देशातून त्या देशात. दिल्लीत चार वर्षं राहिल्या, तिथे ड्रायव्हरकडून हिंदी शिकल्या, म्हणून 'मैं आएगा, मैं जाएगा' असं बोलायच्या. मग ती नोकरी सोडून फिनलंडच्याच एका कंपनीच्या इथल्या ऑफिसच्या मुख्य होऊन मस्कतला आल्या. कंपनी समुद्राचं पाणी गोडं करायची यंत्रं विकायची. ऑफिस आणि घर दोन्ही शहरातल्या अल् खुवैर भागात. जुनी जीप स्वतः चालवायच्या. एकदा भाजी आणायला मला सोबत घेऊन निघाल्या होत्या. समोरच्या गाडीवाल्याला त्यांनी जोरात हॉर्न मारला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पहले गाड़ी पे झंडा था. झंडावाला हॉर्न नहीं मारता. अब झंडा नहीं, हॉर्न है. लेकिन हॉर्न मेरा है." आणि पुन्हा एकदा मारला, काही कारण नसताना.

वकिलातीत स्वतःचं मत सांगायचं नसतं म्हणे. जे बोलायचं ते सरकारचं. ती सवय त्यांच्या अंगात मुरली होती. काही विचारलं की आधी गप्प बसायच्या. फोनवरची माणसं 'हॅलो, हॅलो' करून फोन ठेवून द्यायची. मला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. मीही तशीच. चारचौघांत माझी जीभ टाळूला चिकटते. सकाळी त्या कॉफी घ्यायच्या, मी मासा साफ करायचे, आणि आम्ही दोघी मन लावून गप्प असायचो. आमचे हे हमरियातल्या दुकानात कामाला आहेत, ते विचारायचे, "दिवसभर बोलता तरी काय तुम्ही?" मी सांगायचे, "काही नाही. छान चाललंय."

पण धंद्यात असं चालत नाही. एका सकाळी मॅडमनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि मला सरळच सांगितलं. कंपनीचा फिनलंडहून निरोप आला होता. वर्ष संपायच्या आत मोठं काम मिळालं नाही तर मस्कतचं ऑफिस बंद. "ऑफिस बंद, तो मैं घर. देसाई पुणे. आप रत्नागिरी." माझा व्हिसा त्यांच्याच नावावर होता. त्या दिवशी मी भातात मीठ दोनदा घातलं.

काम देऊ शकेल असा माणूस एकच होता. किनाऱ्यावरच्या सूर गावात बर्फाचा कारखाना असलेले एक म्हातारे ओमानी व्यापारी. सगळे त्यांना हाजी म्हणायचे. मासळीच्या होड्यांना बर्फ त्यांचाच, आणि बर्फाला गोडं पाणी हवं. जुन्या व्यापाऱ्यांसारखं त्यांनाही हिंदी छान यायचं. मॅडमनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. मी सुरमई तळली, कोकमाचं कालवण केलं, आणि स्वयंपाकघराचं दार बोटभर उघडं ठेवलं.

जेवताना देसाईसाहेबांनी यंत्राची किंमत सांगितली. हाजी काही बोलले नाहीत. मॅडमही नाहीत. नुसता एसीचा आवाज. मॅडमना हे रोजचंच होतं आणि हाजींनाही घाई नव्हती. मधे बसलेल्या देसाईसाहेबांना मात्र घाम फुटला.

"थोडा कम कर सकते हैं, हाजी," ते म्हणाले.

मॅडमनी माशाचा काटा काढला.

"और थोडा कम."

हाजींनी भातावर लिंबू पिळलं.

"और सर्विस एक साल फ्री. दो साल! हाजी, आपके लिए दो साल!"

त्यांनी आणखी एकदा तोंड उघडलं असतं तर यंत्र फुकट गेलं असतं. तेवढ्यात मॅडम शांतपणे म्हणाल्या, "देसाई, मछली खाओ."

"खाल्ली, मॅडम. म्हणजे, खाया."

"और खाओ. जुबेदा!"

मला बाहेर जावं लागलं. देसाईसाहेबांच्या ताटात मी तीन तुकडे वाढले. ते माझ्याकडे असे बघत होते जसं काही मीच त्यांच्या तोंडाला कुलूप लावलं.

मी आत वळणार तोच हाजी बोलले. "मशीन बिगड़ेगा तो?"

"बिगड़ेगा ही नहीं, हाजी! गॅरंटी!" देसाईसाहेब तोंडात मासा असतानाच म्हणाले.

मॅडम गप्प. किती वेळ, कोण जाणे. मी पातेलं घेऊन तशीच उभी. मग त्या म्हणाल्या, "बिगड़ेगा. समुंदर का पानी है. पहला गर्मी में बिगड़ेगा."

देसाईसाहेबांनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात रत्नागिरीचं सामान बांधायला घेतलं.

हाजी पहिल्यांदा ताटावरून मान वर करून बघायला लागले. "फिर कौन आएगा? फोन पर लड़की बोलेगी, एक दबाओ, दो दबाओ?"

"मैं आएगा."

"तू? तुम लोग सब दो साल में चले जाते हो."

"जब तक परिस्थिति अनुकूल है, हमारा कंपनी..." मॅडमनी सुरुवात केली.

हाजी मोठ्याने हसले. "यह सरकारवाली बात है. अपनी बात बोल."

मॅडमचं घर त्यांच्या देशात एका तळ्याकाठी तयार होतं. त्याचा फोटो फ्रिजवर लावलेला होता. दोन वर्षांनी तिथे जायचं त्यांनी ठरवलेलं होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"पाँच साल," त्या म्हणाल्या. "नहीं जाएगा. बिगड़ेगा, तो मैं आएगा."

हाजींनी हात धुतले, पुसले. निघताना देसाईसाहेबांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "दाम पहलावाला." मग मॅडमकडे बोट दाखवलं, "लेकिन यह आनी चाहिए." दार लागलं तसे देसाईसाहेब सोफ्यावर आडवे झाले. मॅडमनी त्यांच्या ताटातला उरलेला तुकडा उचलून खाल्ला.

पहिल्याच उन्हाळ्यात यंत्र बंद पडलं. मॅडम डोक्याला माझी ओढणी गुंडाळून, डबा घेऊन सूरला गेल्या आणि दोन दिवसांनी टोमॅटोसारख्या लाल होऊन परत आल्या. त्यानंतर किती खेपा झाल्या त्याची मोजदाद नाही. मधे फिनलंडहून त्यांना मोठ्या जागेवर बोलावणं आलं. त्यांनी फोनवर एक शब्द सांगितला आणि मला म्हणाल्या, "डब्बा बड़ा वाला. कल सूर."

पाच वर्षं सरली. ऑफिस देसाईसाहेबांकडे सोपवलं, मला त्यांच्या बायकोने कामाला ठेवून घेतलं. मॅडमनी बजावून ठेवलं होतं, निरोपसमारंभ नको, हार नको, भाषण तर मुळीच नको. विमानाच्या दिवशी सकाळी देसाईसाहेब धापा टाकत आले. "हाजी का फोन आया, मशीन बंद पड़ गया. मैं जाता हूँ. आपके पाँच साल तो खलास, मॅडम, पिछले ही महीने."

मॅडम थांबल्या. "हाजी को मालूम है?"

"हाँ, मालूम तो होगा ही."

"तो भी मुझे बुलाया?"

"हाँ."

"तो जाना पड़ेगा." त्यांनी बॅग जीपमध्ये टाकली. "जुबेदा, यल्ला, चलो."

सूरपर्यंत आम्ही तिघांपैकी कुणीच बोललं नाही. देसाईसाहेबसुद्धा. कारखान्याच्या दारात हाजी काठी टेकून उभे होते. आतून यंत्राचा आवाज येत होता, अगदी व्यवस्थित. मॅडमनी तो ऐकला आणि हाजींकडे पाहिलं.

"मशीन चालू है," त्या म्हणाल्या.

"चालू है. खाने को बुलाता तो तू आती?"

मॅडमनी नेहमीसारखा वेळ घेतला. "नहीं."

"मालूम था," हाजी म्हणाले. "इसलिए बेचारे मशीन को बदनाम किया."

मॅडम हसल्या, मोठ्याने, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांचं असं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. आत चटईवर मोठ्या ताटात भात आणि भाजलेली सुरमई वाढून ठेवली होती. हाजींनी स्वतःच्या हाताने मॅडमच्या पुढ्यात मासा सारला, मग माझ्याही. विमान रात्रीचं होतं, पुष्कळ वेळ होता. मी दाराआड न जाता मॅडमच्या शेजारी बसले आणि जेवले.