समोरच्या बाईंचं मत

समोरच्या बाई गेल्या, त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायचं अनेकदा मनात आलं आणि प्रत्येक वेळी मी कपाट आवरायला घेतलं.

आमचं गाव इंग्लंडातल्या रीडिंग शहरापासून गाडीने पाऊण तासावर. नवऱ्याचं ऑफिस तिथे, आणि ऐपतीत बसेल असं बागेचं घर मात्र इथे, म्हणून आम्ही आलो. मतदारसंघ म्हणाल तर सगळी शेतं, मेंढ्या, घोडे आणि मधेमधे दोन-तीन बाजाराची गावं. पार्लमेंटात इथून कायम निळ्या रंगाच्या पक्षाचाच माणूस जायचा. बाईंच्या जन्माआधीपासून हे असंच चाललेलं. "मेंढीला निळी रिबन बांधून उभी केली, तरी निवडून येईल," असं त्या स्वतःच्या फाटकातून मला पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या.

त्यांचे वडील इथल्याच एका मोठ्या शेतावर मजूर होते. राहायचं घर मालकाचं. मतदानाच्या दिवशी मालकाची रिबन लावलेली गाडी सगळ्या मजुरांना गावच्या हॉलमधल्या मतदान केंद्रापर्यंत सोडायला यायची. वडील निमूट त्या गाडीत बसायचे, आत जाऊन दुसऱ्याच रंगाला मत द्यायचे आणि मालकाचे आभार मानून त्याच गाडीने परत यायचे. हे सांगताना बाई फार खूश असायच्या. पुढे त्यांनीही जन्मभर त्याच हरणाऱ्या रंगाला मत दिलं. नवरा निळा होता, त्यामुळे एकमेकांची मतं रद्द करायला दोघं बरोबरच जायची. नवरा गेल्यावर त्या एकट्या जाऊ लागल्या.

त्यांच्या डोळ्यांदेखत गावातली शाळा बंद झाली, मग पोस्ट, मग बस. हद्दी बदलल्या तेव्हा गाव शेजारच्या मतदारसंघात गेलं आणि काही वर्षांनी परत आलं. निकाल तोच. "आता कशाला जाता?" असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

भारत कॉमनवेल्थमधला देश, म्हणून भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं, हेही मला त्यांनीच सांगितलं. माझा विश्वास बसेना. मग त्यांनी मला मतदारयादीत नाव नोंदवायला लावलं आणि मतदानाच्या दिवशी स्वतः हॉलमध्ये घेऊन गेल्या. तिथे नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि कागद हातात. कार्ड नाही, शाई नाही, दोरीला बांधलेली एक पेन्सिल तेवढी. माझे बाबा नागपूरला शाळामास्तर, दर निवडणुकीला त्यांची कुठल्या तरी आडगावात ड्यूटी लागायची. फोनवर त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "आणि कुणी खोटं नाव सांगितलं तर?" मी बाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "कशाला सांगेल? इथे सगळे सगळ्यांना ओळखतात."

पुढे इथल्या कौन्सिलला, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या कचेरीला, मतदानाच्या दिवसापुरती माणसं हवी होती, तेव्हा मी अर्ज केला. बाबांची मुलगी शोभायला नको का? हॉलमधल्या टेबलामागे बसायचं, यादीतलं नाव शोधायचं, पट्टी ठेवून त्यावर रेघ मारायची. बाई दरवेळी सकाळी दहाच्या सुमाराला यायच्या, लिपस्टिक लावून, ठेवणीतला कोट घालून. मला मात्र त्या दिवशी ओळख दाखवायच्या नाहीत. पोस्टात अनोळखी माणसाशी बोलावं तसं स्वतःचं पूर्ण नाव सांगायच्या. मला ते फार आवडायचं.

मग नियम बदलला. मत द्यायला फोटोचं ओळखपत्र लागणार. बाईंकडे ते नव्हतं. पासपोर्ट कधी काढलाच नव्हता, गाडी आणि लायसन्स सोडल्याला कैक वर्षं झाली होती. म्हाताऱ्या माणसांचा बसचा फुकट पास चालला असता. पण जिथे बसच येत नाही, तिथे पास कोण काढणार? अशा लोकांसाठी कौन्सिल एक फुकट प्रमाणपत्र देतं, अर्ज ऑनलाइन करायचा. बाईंकडे इंटरनेट नव्हतं. मी म्हटलं, "मी करते की. पाच मिनिटांचं काम." त्यांच्या कोळशाच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीपुढे त्यांना उभं करून फोनवर फोटोही काढला. अर्जाला त्यांचा सरकारी इन्शुरन्स नंबर, आपल्या आधारसारखा, लागत होता. दुसऱ्या दिवशी तो चिठ्ठीवर लिहून त्यांनी आमच्या दारातून आत सरकवला. मी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली.

त्याच आठवड्यात सासू-सासरे आले. विमानतळ, पथ्यपाणी, रोजचं फिरणं. चिठ्ठीवर उमेदवारांची पत्रकं चढत गेली, आणि मी विसरले. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. असतं तर बरं झालं असतं.

त्या जुलैत निवडणूक झाली, तेव्हा मी नेहमीसारखी टेबलामागे होते. प्रमुख अधिकारी बाहेरगावचे, निवृत्त गृहस्थ, सज्जन. बाई दहाला आल्या. नाव सांगितलं. मी ओळखपत्र मागायला तोंड उघडलं आणि तेव्हा, त्या क्षणी, मला चिठ्ठी आठवली.

"फोटो असलेलं काही आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"तू काढलास ना फोटो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कागद तुझ्याकडेच आला असेल."

अधिकारी उठून आले. बाईंनी पर्समधून लायब्ररीचं कार्ड काढलं, पेन्शनचं पत्र काढलं, चेकबुक काढलं. एकेक वस्तू माझ्या यादीवर ठेवली. ते नम्रपणे मान हलवत राहिले. शेवटी बाई माझ्याकडे वळल्या. "यांना सांग ना, मी कोण आहे ते."

मला सांगता आलं असतं. सांगून उपयोग नव्हता हे खरं, नियमात ते बसतच नव्हतं. पण मी निदान तोंड तरी उघडायला हवं होतं. मी यादीकडे बघत राहिले. मागे रांगेत नव्या वसाहतीतली चार माणसं होती, हातात लायसन्स घेऊन. अधिकाऱ्यांनी सांगितलं, रात्री दहापर्यंत ओळखपत्र घेऊन कधीही परत या. बाई म्हणाल्या, "समजलं." सगळे कागद पुन्हा पर्समध्ये भरले आणि गेल्या. मी पुढच्या माणसाचं नाव शोधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर निकाल आला. आमचा मतदारसंघ फिरला होता. इतक्या पिढ्यांनंतर निळा पडला आणि बाईंचा रंग निवडून आला. शेतं तीच होती, पण नव्या घरांमधून आमच्यासारखी माणसं येऊन राहिली होती, त्यांनी हे केलं असं सगळे म्हणत होते. माझं मत त्यात होतं. आदल्या सकाळी, हॉल उघडल्याबरोबर मी ते देऊन टाकलं होतं.

मी रस्ता ओलांडून गेले. बाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. रेडिओ चालू होता आणि नवा खासदार कुणाकुणाचे आभार मानत होता.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "जमलं एकदाचं." मग जरा हसून म्हणाल्या, "मी नव्हते तेव्हाच जमलं. इतकी वर्षं माझ्यामुळेच अडलं होतं की काय."

मी रडायला लागले. या देशात कुणाचा पाय आपण तुडवला तरी तोच सॉरी म्हणतो. बाईही तशाच. शाळा गेली तेव्हा 'असू दे' म्हणाल्या होत्या, बस गेली तेव्हाही. खरं सांगायचं तर मी तेच ऐकायला गेले होते.

"चूक माझी होती," मी म्हटलं.

त्यांनी रेडिओ बंद केला.

"हो," त्या म्हणाल्या. "तुझीच होती."

नंतर त्यांनी चहा केला, आणि आम्ही तो बसून प्यायलो.