‘सावध’ हा माझा शब्द

अमेरिकन फुटबॉलची लीग आमच्याकडे सुरू होणार हे ऐकलं, तेव्हा कुणीतरी चेष्टा करतंय असंच मला वाटलं. पण पुण्याच्या एका कंपनीचा माणूस खरोखरच आमच्या शाळेत येऊन माझ्यासमोर बसला. तिकडे हा खेळ थंडीच्या तोंडावर चालतो, वसंतात मैदानं मोकळी असतात, म्हणून आपली लीग वसंतात, असं त्याने समजावलं. खेळाडूंना पगार मिळणार होता. एक संघ जुन्नर-आंबेगावचा असणार होता. वसंतात आमच्याकडे यात्रा असतात, बैलगाडे पळतात, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. न सांगणं हा माझा जुना स्वभाव आहे.

कळंबपासून ओझरच्या फाट्यापर्यंत फ्लेक्स लागले. ‘स्प्रिंग लीग’ असं मोठ्या अक्षरात. पिंपळवंडीच्या टपरीवर एकाने मला विचारलं, स्प्रिंग म्हंजी गाडीच्या शॉकॉपची का गादीची? दुसरा म्हणाला, फुटबॉल म्हणत्यात आन् पायानं कोण मारीतच न्हाई, बगलंत धरून पळत्यात, देवळातला नारळ चोरल्यावानी. मी हसलो. मी त्या दिवसांत बराच हसायचो. शाळेत इंग्रजी शिकवणारा आणि संध्याकाळी पोरांची कबड्डी घेणारा मी, अमेरिकेहून आलेल्या कोचचा दुभाष्या झालो होतो. कंपनीची गाडी मला न्यायला यायची, आणि मी ती मुद्दाम शाळा सुटायच्या वेळेला बोलवायचो.

संघातली बरीचशी पोरं माझ्याच कबड्डीतली. त्यातला एक कोपऱ्यात खेळायचा. त्याच्यासारखी घोट्याची पकड मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. त्याच्या वडिलांना, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, हा हेल्मेटचा खेळ पसंत नव्हता. मीच घरी जाऊन म्हणालो, माझ्यावर सोडा. ते म्हणाले, "सर, तुमच्यावर सोडलं."

कोच धिप्पाड होता, मनाने साधा. पोरं एकमेकांवर धावून जायला लागली की तो एकच गोष्ट ओरडायचा, ‘हेड्स अप!’ इंग्रजीत हे कुणी ओरडलं तर त्याचा अर्थ जपून, सावध, असा मी पुस्तकात वाचलेला. म्हणून मी लगेच मराठीत ओरडायचो, "सावध!" पहिल्या दिवशी दोन पोरं पीटीच्या तासाला उभी राहतात तशी ताठ उभी राहिली. एकाने मागून टोमणा मारला, "सर लगीन लावत्यात राव, अक्षता द्या." कोचलाही हसू आलं.

पण कबड्डीत ‘सावध’ हा माझाच शब्द होता. समोरचा चढाईला आत आला की रेषेबाहेरून मी तेच ओरडत आलेलो. ते ऐकलं की कोपऱ्यातली पोरं गुडघ्यात वाकतात आणि मान खाली घालतात, कारण घोटा धरायचा तर नजर पायावर लागते. वर्षानुवर्षं मीच त्यांच्या अंगात ते भिनवलं होतं.

सलामीच्या सामन्याला थोडे दिवस राहिले असताना कोचने एका पोराच्या हेल्मेटची पुढची जाळी मुठीत धरली, त्याचं डोकं वर उचललं आणि हळू म्हणाला, हेड्स अप. मग स्वतः मान खाली घालून दाखवली आणि हाताने मान मोडल्याची खूण केली. धडकताना डोकं वर ठेवा, एवढंच तो माणूस आल्या दिवसापासून सांगत होता. आणि मी त्याच्या तोंडाशेजारी उभा राहून बरोबर उलटं सांगत होतो.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पोरं समोर होती. कंपनीचा माणूस खुर्चीत बसून बघत होता. इंग्रजीच्या सरांना इंग्रजी कळलं नाही, असं म्हणावं लागलं असतं. मी मनात म्हणालो, खूण तर पोरांनी पाहिलीच की. आणि गप्प राहिलो.

सलामीला माणूस तोबा जमला. शेजारच्या गावचे गाडे उरकून लोक तसेच गुलालातच आले होते. नियम कुणालाच ठाऊक नव्हते, तरी बसायला जागा नव्हती. माइकवर बैलगाडे पळतात त्या घाटातलाच निवेदक होता. चेंडू घेऊन कुणी सुटला की तो आपल्या सवयीने "पळाला, पळाला, भिर्रर्र" म्हणायचा, आणि टोप्या उडायच्या.

समोरच्या संघाचा एक दांडगा गडी चेंडू घेऊन सरळ आबांच्या पोराकडे आला. कोच माझ्या शेजारी ओरडला. माझ्या तोंडून शब्द गेला, "सावध!" मी ठरवून ओरडलो नाही. तो आपोआप गेला. पोराने तो ऐकला, हे मला दिसलं. तो गुडघ्यात वाकला, आणि त्याची मान खाली गेली.

आवाज झाला तो प्लास्टिकचा. पाण्याची टाकी गाडीवरून पडावी तसा. गडी उठला. आमचा पोरगा उठला नाही. निवेदकाला ते कळलंच नाही, त्याचं भिर्रर्र चालूच होतं, आणि लोक नाचत होते. मी धावलो. जाळीच्या आत त्याचे डोळे उघडे होते. तो म्हणाला, "सर, माझे हात कुठंयत?" हात त्याच्या अंगाशेजारीच पडले होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात कोचने मला इंग्रजीत विचारलं, तू त्यांना सांगितलं होतंस ना? मी हो म्हणालो. आबा शेजारीच उभे होते. काय म्हणतोय हा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, विचारतोय की डोकं वर ठेवायला सांगितलं होतं का. "मग, व्हतं का?" मी परत हो म्हणालो. एका मिनिटात, दोन भाषांत, मी तेच खोटं बोललो.

पोरगा वाचला. गळ्याचा पट्टा निघाला, चालायला लागला. डाव्या हाताची पकड मात्र गेली, डॉक्टर म्हणाले परत येईलच असं नाही. ज्या पोराची अख्खी ओळख पकड हीच होती, त्याची. लीग त्याच उन्हाळ्यात गुंडाळली. कंपनीचा माणूस फोन उचलेना. पोराचा हेल्मेटमधला फोटो असलेला फ्लेक्स आता कुणीतरी कांदा साठवायच्या बराखीवर पांघरलाय.

आणि आबा भेटेल त्याला सांगायचे, सर घसा फोडून सांगत व्हते, ह्यानं ऐकलं न्हाई. पोरगाही मान हलवायचा. आबांनी त्याला बैलांना हात लावू देणं बंद केलं. ज्याला सांगितलेलं ऐकू येत नाही त्याच्या हातात कासरा देत नसतात, असं त्यांचं म्हणणं. मी हे सगळं त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांचाच चहा पीत ऐकलं आहे. एकदा नव्हे.

यंदा पुन्हा यात्रांचे दिवस आले. रस्त्यात तो भेटला, डावा हात खिशात. म्हणाला, "सर, आमचा गाडा हाय परवा. मी लांबूनच बघणार." त्या ‘लांबूनच’ला मी टिकलो नाही. तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. हेड्स अपचं, सावधचं, व्हरांड्यातल्या दोन्ही ‘हो’चं. तो शिव्या देईल, अंगावर येईल, याची तयारी मी केली होती.

त्याने खिशातला हात बाहेर काढला. मग हळू म्हणाला, "म्हंजी सर, मी ऐकलं व्हतं."

मी हो म्हणालो. हे तिसरं ‘हो’ खरं होतं. वर्षभर माझी चूक मी लपवतोय, एवढंच मला वाटत आलं होतं. ती मी याच्या डोक्यावर ठेवली होती, आणि हा ती निमूट वागवत होता, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

"हे आबाला सांगा," तो म्हणाला. "आत्ता."

आबा गोठ्यासमोर बैल धूत होते. मी उभ्याउभ्या सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. एक बैल धुऊन झाला, दुसरा धुऊन झाला. बादली पालथी घातली. मग खुंटीचा कासरा काढून ते पोराजवळ गेले, त्याचा उजवा हात धरला आणि कासरा त्यात दिला.

मी ओट्याकडे वळलो होतो, नेहमीच्या जागेकडे. आबा पाठमोरेच म्हणाले, "सर, तुमी निघा आता."