राष्ट्रपतीच्या शेजाऱ्याला कुणी विचारलं?

माझ्या बायकोच्या मामांना पसंत पडेल असा माणूस घाटकोपरात अजून जन्माला यायचा होता. आणि तो जन्मला असता तरी मामांनी आधी सुईणीकडे त्याची चौकशी केली असती. गिरणी सुटल्यावर मामा एका गोदामात कारकून होते, पण ते आपलं पोटापुरतं. त्यांचं खरं काम म्हणजे चाळीतल्या आणि ओळखीपाळखीतल्या लेकीबाळींना आलेल्या स्थळांचा माग काढणं. मुलाचं शिक्षण, पगार, गुण किती जुळतात, यात त्यांना काडीचा रस नसे. "पत्रिका बाप करून आणतो, खोडी शेजारी सांगतात," असं म्हणून ते छत्री उचलत, मुलाच्या वस्तीत जात आणि पहिला जो भेटेल त्याला विचारत, "इथे एखादी खोली भाड्याने मिळेल का हो?" खोली बघायला आलेल्याला शेजारी जेवढं खरं सांगतात तेवढं कोर्टात गीतेवर हात ठेवूनसुद्धा कुणी सांगत नाही. संध्याकाळी मामा मुलाच्या चार पिढ्या काखोटीला मारून परत येत आणि जिन्यातूनच आरोळी ठोकत, "मोडलं!"

माझीही अशीच चौकशी झाली होती. निकाल असा लागला: "मुलगा बरा, पण चप्पल घासत चालतो. संसारही घासतच नेणार." सासऱ्यांना काय दया आली कोण जाणे, त्यांनी मला पदरात घेतलं. तेव्हापासून मामा मला 'जावईबापू' म्हणत, पण तो शब्द त्यांच्या तोंडून शिवीसारखा निघे. आम्ही समोरच्याच बिल्डिंगीत राहायला गेलो, त्यामुळे सुटका नव्हती. मी चाळीच्या जिन्याला पाय लावला की वरून गजर व्हायचा, "आले, आले, फरश्या झिजवत आले!"

पण राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की माझ्यासारख्या किरकोळ माणसांना मामा तात्पुरतं माफ करत. मत आमदार-खासदारांनी द्यायचं, मामांना कुत्रं विचारत नव्हतं. पण असल्या क्षुल्लक अडचणीने थांबतील ते मामा कसले? "राष्ट्रपती म्हणजे देशाचा जावई," ते गॅलरीत पेपर पसरून सांगत. "राहायला मोठं घर, फिरायला घोडागाडी, आला की सगळ्यांनी उठून उभं राहायचं आणि काम काय करता विचारायची चोरी. मग नीट बघून नको घ्यायला? ते आमदार कसली डोंबलाची चौकशी करणार! वरून निरोप आला की हार घेऊन उभे. त्यांना खांबाच्या गळ्यात घाला म्हटलं तर खांबाच्या घालतील." मग उमेदवारांची माहिती मोठ्याने वाचली जाई आणि एकेकाचं श्राद्ध सुरू होई. "देशासाठी तुरुंगात गेला होता म्हणे. गेला असेल. पण तिथे शेजारच्या कैद्याच्या ताटातली भाकरी ओढायचा का, ते कुणी विचारलंय? दुसरा कायदा शिकलाय. शिकलाय ना, मग घरच्यांना बोलू देतो का? आणि हे बघा, छंद: वाचन! अहो, ज्याला काहीच येत नाही त्याचा छंद वाचन." एवढं म्हणून ते माझ्याकडे बघत. लग्नासाठी पाठवलेल्या माझ्या माहितीपत्रकातही तेच होतं. "ह्यांच्या शेजाऱ्याला कुणी विचारलं का, एवढंच सांगा. नाही ना? मोडलं!" असे दोन राष्ट्रपती मामांनी माझ्यादेखत मोडले. दोघेही निवडून आले, तो भाग वेगळा.

मी थट्टा पुष्कळ करायचो, पण पवईच्या त्या इंजिनियरचं प्रकरण मला विसरता येत नसे. वरच्या मजल्यावरच्या मुलीला सांगून आलेला, रुबाबदार, सगळी चाळ लट्टू झाली होती. मामा मे महिन्याच्या उन्हात तीन फेऱ्या घालून आले आणि म्हणाले, "मोडलं. त्याची आई दोन पिशव्या उचलून मागून धापा टाकत येत होती आणि हा पुढे हात हलवत चालला होता." मुलीच्या आईने मामांना नाही नाही ते ऐकवलं. मामा मालवणीत पुटपुटले, "शिरां पडो त्या रुबाबार," आणि जेवायला बसले. गहिवर किंवा राग आला की ते मालवणीत शिरत. ती मुलगी पुढे एका साध्या मास्तराच्या घरी गेली आणि सुखात आहे.

मग मामांच्या स्वतःच्या लेकीचं, कुंदाचं जमायची वेळ आली. बोरिवलीचं स्थळ. मामांनी जाऊन चौकशी केली आणि, काय सांगू, त्यांना खोड सापडेना! मुलाने कुंदाला आणि कुंदाने मुलाला मनापासून पसंत केलं होतं. फक्त तिकडच्यांचा होकार यायचा होता.

त्या रविवारी मी दूध घेऊन परतत होतो, तर चाळीच्या तोंडाशी छत्रीवाले एक गृहस्थ उभे. मला म्हणाले, "इथे एखादी खोली भाड्याने मिळेल का हो?"

मी मनात म्हटलं, वा! गुरूला गुरू भेटला. वर बघतो तर गॅलरीत मामा. ती छत्री बोरिवलीहून कशासाठी आली ते त्यांनी ओळखलं होतं. हातात तांब्या होता आणि तुळशीतलं पाणी कधीच वाहून खाली आमच्या पायाशी ठिबकत होतं. सगळ्या मुंबईच्या उंबऱ्यांवर बिनदिक्कत उभा राहिलेला हा माणूस स्वतःच्या जिन्यावरून खाली यायला घाबरला होता.

"शेजार कसा आहे?" गृहस्थांनी आवाज उतरवला. "ते वरचे, सगळ्यांत खोडी काढतात म्हणे? असल्या माणसाशी जमायचं कसं?"

देवाशपथ सांगतो, जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं माझ्या चपलेचा उद्धार केला होता या माणसाने! पण वर गॅलरीच्या दारामागे कुंदाच्या साडीचा काठ दिसत होता.

"तोंडाने फटकळ आहेत," मी म्हटलं. "कुणाला चांगलं म्हणायचे नाहीत. पण घरात लेक असेल ना तुमच्या, तर दुसरीकडे खोली बघू नका. ह्यांच्या शेजारीच राहा."

गृहस्थ छत्री काखेत मारून निघून गेले.

आठवडाभर बोरिवलीहून निरोप नाही. मामा गॅलरीत येईनात. मामी म्हणाली, रात्रभर नुसते कूस बदलतात. आणि एके दिवशी होकार आला. मामी पेढे वाटत सुटली. तेव्हा पुन्हा राष्ट्रपतींच्या निवडणुकीचे दिवस होते. मी मुद्दाम पेपर घेऊन वर गेलो, चप्पल चांगली घासत गेलो. वरून गजर झाला नाही.

"मामा, बघा, नवीन स्थळं आलीत दिल्लीची. ह्याचा तर छंद वाचन!"

मामांनी पेपर घेतला. एकेक फोटो बघितला.

"बरे असतील रे सगळे," ते म्हणाले. मला त्यांनी कधी 'रे' म्हटलं नव्हतं.

"मामा, शेजाऱ्याला विचारायला नको?"

त्यांनी पेपरची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "इचारतले रे. पण तवसर ह्येंच्या घरच्यांका झोप लागत असात काय?"